आडात नाही ते पोहऱ्यात कोठून?

"पुस्तक विकत कशाला घ्यायचे? वाचनालयातून आणावे, वाचावे, परत करावे. पैसेही वाचतात आणि घरात अडगळही होत नाही." हा सल्ला अलीकडे आपल्या सीमाभागातील मराठी घरांत फार ऐकू येतो. सल्ला देणारी माणसे संसारी असतात, हिशेबी असतात आणि बहुतेकांचे पुण्याला नाही तर ठाण्याला कोणी ना कोणी असते. तिकडे पाहिलेले शहाणपण ती इकडे घेऊन येतात. माझे म्हणणे सरळ आहे. हा सल्ला पुण्यात शहाणपणाचा असेल. असीरगडाच्या पायथ्याशी तो मराठी सोडून देण्याचा सल्ला आहे. आणि "आम्ही वाचनालयाकडे ढुंकूनही पाहत नाही, आम्ही विकतच घेतो," असे छाती पुढे काढून सांगणारे जे थोडे लोक आपल्यात आहेत, त्यांच्या हातूनही मराठीचे फारसे भले होत नाही. दोन्ही पक्षांना चार शब्द सुनावणे भाग आहे. लेकी बोले सुने लागे असा आडपडदा न ठेवता सुनावतो.

प्रथम वाचनालयवाल्यांचे पाहू.

महाराष्ट्रात वाचनालयाची परंपरा जुनी आहे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, तर मुंबईचे १८९८ चे. त्यावर कळस म्हणून महाराष्ट्र सरकारने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. अ, ब, क, ड असे दर्जे ठरले आणि दर्जाप्रमाणे अनुदान मिळू लागले. तालुक्याच्या गावी, मोठ्या खेड्यातही पाटी लागली. तेथला माणूस "विकत कशाला घेऊ?" असे म्हणतो तेव्हा त्याच्या पाठीशी पावणेदोनशे वर्षांची देणगी, वर्गणी आणि सरकारी तिजोरी उभी असते. त्याच्यासाठी पुस्तक आधीच कोणीतरी विकत घेऊन ठेवलेले असते.

आपल्याकडे कोणी घेऊन ठेवले आहे? रावेर मागे टाकून बऱ्हाणपूरच्या रस्त्याला लागले की राज्याची सरहद्द लागते, आणि तेथे तो कायदा संपतो. केळीच्या बागा संपत नाहीत, लेवा पाटलांचे सोयरसंबंध संपत नाहीत, भरीत-भाकरीही संपत नाही. अनुदान तेवढे संपते. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीची गोष्ट वेगळी होती. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशात हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा होत्या. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, निमाड मध्यप्रदेशात राहिला, आणि आपली मराठी एका रात्रीत राजभाषेची घरभाषा झाली. यात रडगाणे गाण्यासारखे काही नाही. हिंदी राज्य आपल्या पैशाने हिंदी पुस्तके घेणार, हे रास्तच आहे. शेजाऱ्याने आपल्या चुलीवर आपली भाजी शिजवली म्हणून आपण रुसायचे नसते. परंतु आपली भाजी कोणी शिजवायची, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

आणि आपण येथे काल-परवा आलेले पाहुणे नाही. असीरगडाला दख्खनचे दार म्हणत. ते दार १६०१ साली अकबराच्या हाती गेले. १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर असीरगड आणि बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले. २०११ च्या जनगणनेत या राज्यात मराठी ही मातृभाषा सांगणारे बारा लाखांहून अधिक निघाले. बारा लाख हा आकडा लहान नव्हे. पण बारा लाख बोलणारे आणि बारा लाख वाचणारे यांत किती अंतर आहे, हे ज्याने त्याने आपल्याच घरात मोजावे. आजी मराठीत विचारते, आई अर्धे मराठीत आणि अर्धे हिंदीत बोलते, आणि नातू मोबाईलवरची मान वर न करता हिंदीत उत्तर देतो. तीन पिढ्या एका ताटात जेवतात आणि भाषा मात्र एकेक घास कमी होत जाते.

आता वाचनालयवाल्यांना माझी एक विनंती आहे. वाद घालण्याआधी आपल्या गावातल्या वाचनालयात जाऊन मराठीचे कपाट कोणते ते विचारावे. कपाट दाखवले, तर त्यात गेल्या दहा वर्षांत छापलेली पुस्तके किती आहेत ती मोजावीत. मग एकच नाव सांगून मागावे : 'कोसला'. १९६३ सालची ही कादंबरी लिहिणारे भालचंद्र नेमाडे सातपुड्याच्या पायथ्याच्या सांगवीचे, म्हणजे आपल्याच शेजारचे; त्यांना २०१४ सालचा ज्ञानपीठ मिळाला. आपल्याच मातीतला ज्ञानपीठकार आपल्याच गावी मागून मिळाला, तर मी माझे शब्द मागे घेईन आणि त्या ग्रंथपालांना श्रीफळ देईन. नाही मिळाला, तर 'वाचनालयातून आणू' हे वाक्य 'वाचणार नाही' याचे सभ्य रूप आहे, एवढे तरी मान्य करावे.

कायद्याची गंमतही ऐकून ठेवा. १९५४ च्या कायद्याप्रमाणे देशातल्या प्रत्येक प्रकाशकाला आपल्या नव्या पुस्तकाची प्रत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवावी लागते. म्हणजे मराठी कवितासंग्रह कायद्याने चेन्नईला जातो. बऱ्हाणपूरला पोचवण्याची सक्ती कोणावर नाही, आणि ती असावी असेही मी म्हणत नाही. याहून मोठी गंमत आपल्याच जिल्ह्यात आहे. देशातला पहिला वृत्तपत्र-कागदाचा कारखाना नेपानगरला उभा राहिला. पंडित नेहरूंनी १९५६ साली तो राष्ट्राला अर्पण केला. साऱ्या देशाच्या छापखान्यांना कागद पुरवणारा जिल्हा आपला, आणि त्या जिल्ह्यातल्या मराठी मुलाला मराठी पुस्तकासाठी भुसावळ-जळगावची गाडी पकडावी लागते. ऊस पिकवणाऱ्याच्या घरात साखर नसावी, तसे हे आहे.

आता कपाटवाल्यांकडे वळतो. यांची पुस्तके विकतची असतात. काचेच्या कपाटात रांगेने उभी असतात. कपाटाला कुलूप असते आणि किल्ली घरधन्याच्या जानव्याला नाही तर कमरेला असते. पाहुण्याने हात पुढे केला की यांचा चेहरा उतरतो. दुसऱ्याच्या हाती गेलेले पुस्तक परत येत नाही, असे एक जुने संस्कृत सुभाषित आहे. एरवी संस्कृतशी संबंध नसलेल्यांनाही ते तोंडपाठ असते. असीरगडाच्या शिवमंदिरात अश्वत्थामा रोज पहाटे पूजेला येतो असे आपल्याकडे लोक सांगतात. तो येत असेल. पण नेलेले पुस्तक परत येणार नाही यावर कपाटवाल्यांची त्याहून गाढ श्रद्धा असते.

श्रद्धेला उत्तर नाही, पण इतिहासाला आहे. बऱ्हाणपुरात अब्दुल रहीम खानखानान याने वर्षानुवर्षे सुभेदारी केली. हिंदीच्या पुस्तकात दोह्यांमुळे आपली मुले ज्याला ओळखतात तोच हा रहीम. त्याचा ग्रंथसंग्रह त्या काळी नावाजलेला होता. लेखनिक, चित्रकार, बांधणी करणारे कारागीर त्याच्या पदरी होते. त्याने स्वतःसाठी करवून घेतलेली सचित्र फारसी रामायणाची पोथी आज कोठे आहे? वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात. पोथी जगली, हे भाग्य. पण रहीमचा संग्रह एका माणसाच्या वैभवावर उभा होता. वैभव सरले आणि संग्रह पांगला. जिथे सुभेदाराचे कपाट टिकले नाही, तिथे निवृत्त शिरस्तेदाराचे किती टिकणार?

आपल्या गावांत हे कसे घडते, ते सर्वांना ठाऊक आहे. वडील जातात. तेरावे होते. मुलगा इंदूरला असतो, सून हिंदी घरातली असते, नातवंडे इंग्रजी शाळेत असतात. घर रिकामे करायचे ठरते. कुलूप तोडले जाते, कारण किल्ली कोणालाच सापडत नाही. मग रद्दीवाला येतो आणि चरित्रे, नाटके, जुने दिवाळी अंक, बांधीव मासिके, सगळे एका तराजूत किलोने जाते. मुलाचा दोष काय? त्या पुस्तकांशी त्याची कधी ओळखच करून दिली नव्हती. ज्या पुस्तकाला बापाने चाळीस वर्षे घराबाहेर जाऊ दिले नाही, ते बापामागे चाळीस दिवसांत घराबाहेर गेले. बापाच्या हयातीत ते दहा घरांत फिरले असते, तर त्या दहा घरांपैकी एकाने तरी म्हटले असते, "रद्दीत घालू नकोस रे, मी घेतो."

तिसरा एक पक्ष नवा आहे, तो मोबाईलवाल्यांचा. "सर, आता सगळे फोनवर फुकट मिळते, कपाट नको आणि वाचनालयही नको." यात अर्धे खरे आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी सुरू केलेला मराठी विश्वकोश आज संगणकावर आणि फोनवर विनामूल्य वाचता येतो, तो वाचावाच. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांसाठी खुले होते. अमळनेरला शिक्षक असलेले साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ पासून त्यांची पुस्तके कोणीही छापावी, कोणीही वाटावी. तेही जरूर करावे. पण हयात लेखकाच्या पुस्तकाची चोरटी प्रत गटागटांत फिरवणे आणि वर तिला वाचनसंस्कृती म्हणणे, हे ताकाला जाऊन भांडे लपवण्यासारखे आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती लाखांची नसते, हजाराच्या आसपास असते. त्यातल्या शंभर प्रती फुकट्यांनी बुडवल्या, तर पुढचे पुस्तक निघत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोणतेही पुस्तक उसने मिळण्यापूर्वी कोणीतरी ते विकत घ्यावे लागते. १९७४ साली 'ग्रंथाली'ची वाचक चळवळ सुरू झाली, ती वाचकांच्या याच बळावर. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली याच चळवळीतून बाहेर आले. पुढे ते शेकडो वाचनालयांत गेले आणि हजारोंनी उसने नेऊन वाचले, हे उत्तमच झाले. पण आधी कोणीतरी खिशात हात घातला होता. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? पुण्याच्या माणसाला आड दिसत नाही, कारण तो तुडुंब भरलेला आहे. आपल्याला दिसत नाही, कारण तो खणलेलाच नाही.

तो कसा खणायचा, याची उदाहरणेही आहेत. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला आणून गावोगाव वाचनालये काढली, पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत फिरवल्या. महाराज श्रीमंत होते, तरी गावाला फुकट काही दिले नाही. गावाने जेवढी वर्गणी जमवावी तेवढी भर प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी, असा नियम केला. आधी गावाची वर्गणी, मग महाराजांचा पैसा. आपल्या इंदूरला महाराष्ट्र साहित्य सभा १९१५ पासून आहे, तीही महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांनी उभी केली म्हणून आहे. नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू केली. तिच्या पुस्तकपेट्या गटागटांतून फिरतात, महाराष्ट्राबाहेर आणि परदेशातही जातात. आपल्याला निराळा शोध लावायचा नाही. पेटी तीच, फक्त पैसा आपला आणि निवड आपली.

आणि ही व्यवस्था चालवायची कशी, हे आपल्या घरातल्या बायकांना चांगले ठाऊक आहे. तिला भिशी म्हणतात. भिशीवर नवरे मंडळी हसतात, पण घरातली मिक्सरपासून बांगड्यांपर्यंतची खरेदी तिच्यावरच झालेली असते. तीच रीत पुस्तकांना लावा. बारा घरे घ्या. दर घराने महिन्याला दोनशे रुपये काढावेत. महिन्याचे चोवीसशे जमले. पुस्तकाची सरासरी किंमत तीनशे धरली तर आठ पुस्तके आली. ज्या घराचा नंबर लागला, त्या घराने ती निवडायची. पुस्तके आधी बाराही घरांत फिरतील. फेरी संपली की ती निवडणाऱ्या घरी कायमची राहतील. वर्षाला शहाण्णव पुस्तके झाली. प्रत्येक घराचा खर्च वर्षाला चोवीसशे. एवढ्याच पैशात एकट्याने घेतली असती तरी आठच आली असती. म्हणजे आठ आपल्या मालकीची झालीच, वर अठ्ठ्याऐंशी वाचायला मिळाली. विकत की उसने हा वाद येथे उरतच नाही. विकतही झाले आणि उसनेही झाले.

टपालाचे गणितही एकत्र मागवण्याच्याच बाजूचे आहे. नोंदणीकृत बुकपोस्टची जुनी सोय टपाल खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली आणि १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू केली. तिचा दर तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये असा ठरला, कर वेगळा. आठ पुस्तके आठ वेळा मागवणारा आणि एका गठ्ठ्यात मागवणारा, यांत शहाणा कोण हे सांगायला गणिताचा मास्तर लागत नाही.

घरची पुस्तके कोणती आणि फिरती कोणती, याचाही नियम असावा. जे एकदा वाचून संपते ते फिरते ठेवावे : बहुतेक कादंबऱ्या, प्रवासवर्णने, दिवाळी अंक. जे पुन्हा पुन्हा लागते ते प्रत्येक घरात स्वतःचे असावे : एक चांगला शब्दकोश, मुलांची चित्रांची आणि गोष्टींची पुस्तके, एखादी ज्ञानेश्वरी किंवा गाथा, आणि 'बहिणाबाईंची गाणी'. हे शेवटचे नाव मुद्दाम घेतो. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या १९५१ साली गेल्या आणि त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली. घरातल्या माणसांनी ती कागदावर उतरवून ठेवली नसती, तर ती त्यांच्याबरोबरच गेली असती. आपल्या आज्यांची बोली त्या बोलीची सख्खी बहीण आहे. पुण्याच्या पुस्तकात ती सापडत नाही, शाळेत तर नाहीच. ती ज्या पुस्तकात सापडते, ते पुस्तक सात दिवसांच्या मुदतीने आणून परत करायचे नसते. ते स्वयंपाकघराजवळच्या फळीवर असावे, त्याला हळदीचे डाग पडावेत आणि संध्याकाळी कोणीतरी त्यातले मोठ्याने वाचावे.

"पण मुलांना मराठी वाचता कोठे येते?" हा शेवटचा बुरूज. तोही पोकळ आहे. हिंदी माध्यमातल्या मुलाला देवनागरी येते. छापील हिंदीत न येणारे आणि मराठीत पदोपदी भेटणारे अक्षर म्हणजे ळ. ते शिकायला एक दुपार पुरते. तमिळनाडूतल्या किंवा बंगालमधल्या मराठी घराला आपल्या मुलाला आधी लिपी शिकवावी लागते. आपल्याला हा निम्मा घाट चढून ठेवलेला मिळाला आहे. उरलेली अडचण शब्दांची. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. हिंदीत 'राजीनामा' म्हणजे तडजोड, मराठीत राजीनामा दिला की नोकरी गेली. असे शब्द वर्गात फळ्यावर लिहिले की पोरे खदखदून हसतात आणि एकही विसरत नाहीत. दोन भाषांच्या मधोमध वाढणे ही गंमत आहे. तिला ओझे मोठ्यांनीच ठरवले.

पुस्तके परत येत नाहीत, ही तक्रार मात्र खरी आहे आणि तिचा बंदोबस्त हवा. एक वही ठेवावी. नाव, तारीख, पुस्तक आणि सही. मुदत तीन आठवडे. पुस्तक हरवले तर नवे आणून द्यावे, मग तो सरपंच असो की मास्तर. वही एखाद्या आठवीतल्या मुलीकडे सोपवावी. तिच्यासमोर उशीर करायला मोठमोठ्यांना लाज वाटते. आणि बारा घरांतले एखादे घर मुद्दाम हिंदी भाषक शेजाऱ्याचे असू द्यावे. त्याच्या आवडीची हिंदी पुस्तकेही पेटीत येतील, आपल्या मुलांना ती वाचता येतातच. आणि आपली भाषा कुंपणाआड जपायची वस्तू नाही, हे त्यांना कळेल.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले, ते योग्यच केले. पण दर्जा दिल्लीत मिळाला. वाचायचे असीरगड, शहापूर, इच्छापूर आणि बऱ्हाणपुरात आहे. तेथे सरकार येणार नाही, ना भोपाळचे ना मुंबईचे. आले तर आनंद आहे. पण सयाजीरावांचा नियम आठवून आधी आपली वर्गणी पुढे करावी.

हा दिवाळी अंक आपण विकत घेतला असेल, तर वाचून झाल्यावर कपाटात ठेवू नका, शेजारी द्या. उसना आणला असेल, तर परत करा आणि पुढच्या वर्षीची वर्गणी आजच पाठवा. आणि तुळशीच्या लग्नाच्या आत बारा घरांची यादी करा. अकराच भरली तर बारावे घर शोधत थांबू नका. अकरांवरच पहिली सात पुस्तके मागवा. बारावे आपोआप येईल.